शाल-श्रीफळ कुणाला? – आयनॅचरलिस्टवरच्या ‘ओळखी’ आणि आमचा बडोद्याचा गट

सुरसागरकाठ

मंडळी, जरा सल्ला हवा आहे.

बडोद्यात आमचा निसर्गनोंदी करणाऱ्यांचा एक गट आहे. दांडिया बाजार-रावपुऱ्यातले जुने लोक, मांजलपूर-गोत्रीकडे राहायला गेलेले नवे, आणि चार गुजराती मित्र. त्यांना आमचं मराठी कळतं आणि आमचं गुजराती ते सहन करतात. रविवारी सकाळी सयाजीबाग किंवा टिंबी तलाव, थंडीत वढवाणा. पक्ष्यांच्या याद्या ईबर्डवर जातात, बाकी किडे, फुलं, सरडे, कोळी सगळं आयनॅचरलिस्टवर.

ज्यांनी हे ॲप वापरलेलं नाही त्यांच्यासाठी: तुम्ही फोटो टाकता, ठिकाण आणि तारीख देता, मग जगातलं कुणीही येऊन त्याला नाव देतं. या नाव देण्यालाच ‘ओळख’ म्हणतात. तुम्ही दिलेल्या नावाला दुसऱ्या कुणी ‘अ‍ॅग्री’ म्हटलं की ती नोंद ‘रिसर्च ग्रेड’ होते आणि पुढे जीबीआयएफ नावाच्या जागतिक साठ्यात जाते. तिथून अभ्यासक ती घेतात.

यंदा आमच्या ॲडमिनने जाहीर केलं की हंगाम संपताना वढवाणाच्या काठावर, गटात ‘सर्वाधिक ओळखी’ करणाऱ्या पहिल्या तिघांना शाल-श्रीफळ द्यायचं. हेतू चांगलाच होता. पण झालं असं की ज्या फोटोंवर एरवी आठवडाभर कुणी फिरकत नसे, त्यांवर आता दहा मिनिटांत तीन ‘अ‍ॅग्री’. परवा एकाने टिंबीवरचा बगळा ‘मध्यम बगळा’ म्हणून टाकला. चोचीच्या कोपऱ्यातून निघणारी रेघ डोळ्याच्या मागेपर्यंत गेलेली स्वच्छ दिसत होती, म्हणजे तो मोठा बगळा. मध्यमाची रेघ डोळ्याखालीच थांबते. तरी तिघांनी मान डोलावली आणि नोंद रिसर्च ग्रेड होऊन बसली.

मान मिळावा असं वाटण्यात मला काही गैर दिसत नाही, उगाच साधूपणाचा आव कशाला. पण मोजायचं काय? ॲडमिनला काय सुचवू?

रावपुरा_एक्सप्रेस

माझं सोपं आहे. जो पहाटे पाचला गाडी काढतो, पाच जणांना घराघरांतून उचलतो आणि परत येताना सेव-उसळीचं बिल देतो, त्याला श्रीफळ. बाकी बगळा मोठा की मध्यम ते बगळ्याला ठाऊक.

पानगळ

सुरसागरकाका, प्रश्न नेमका आहे. मी वनस्पतीशास्त्राची विद्यार्थिनी, तुमच्याच गटात आहे, ओळखालच. आधी या तीन मानांचं गणित सांगते, कारण ते फार जणांना माहीत नसतं.

नियम असा की नाव पक्कं व्हायला दोन-तृतीयांशांपेक्षा जास्त लोकांचं एकमत लागतं. बरोबर दोन-तृतीयांश पुरत नाही. आता समजा एकाने चुकीचं नाव दिलं. योग्य नाव वर यायला किती जण लागतील? दोघे आले तर तिघांत दोन, म्हणजे काठावर अडकलं. तिसरा आला की चारांत तीन, झालं काम. पण त्या चुकीच्या नावावर आणखी एकाने न बघता ‘अ‍ॅग्री’ दाबलं असेल तर? चार जण बरोबर नाव घेऊन आले तरी सहांत चार, पुन्हा काठावर. पाचवा लागतो. एका बोटाच्या टिचकीने तीनाचे पाच झाले. आणि तुमच्या बगळ्यावर तर मूळ माणूस धरून चार जण आहेत. त्याला आता नऊ लागतील!

हो, योग्य नाव घेऊन एक-दोन जण आले की ती चुकीची रिसर्च ग्रेड गळू शकते. पण गळणं वेगळं आणि बरोबर नाव लागणं वेगळं. बगळ्यासाठी नऊ माणसं मिळतीलही. गवतासाठी अख्ख्या गुजरातेतून नऊ आणा बघू. गवतं ओळखणारे हात इतके कमी आहेत की मी कुणाचं नाव घेतलं तर त्या बिचाऱ्याला उद्यापासून झोप नाही.

दुसरं असं की इथे प्रत्येकाचं मत सारख्या वजनाचं. चाळीस वर्षं कोळ्यांवर काम केलेला प्राध्यापक आणि काल खातं उघडलेला मुलगा, दोघांचं एक-एक मत. ‘क्युरेटर’ असतात, पण ते नावांची यादी आणि तक्रारी सांभाळतात. त्यांच्या मताला जास्त वजन नाही. त्यामुळे इथली पत ॲप देत नाही. ती लोकांच्या डोक्यात असते.

मोजायचंच असेल तर एक गोष्ट आहे. ॲप प्रत्येक ओळखीला चारपैकी एक शिक्का लावतं: लीडिंग, इम्प्रूव्हिंग, सपोर्टिंग, मॅव्हरिक. तुम्ही पहिल्यांदा अचूक नाव सुचवलंत आणि नंतर इतरांनी ते मानलं तर इम्प्रूव्हिंग. आधीच्या नावाला दुजोरा दिलात तर सपोर्टिंग. आमच्या गटातल्या यादीत पहिल्या नंबरावर असलेल्यांच्या बहुतेक ओळखी सपोर्टिंग आहेत. नाव घेत नाही.

तिरपागडा

घ्या की नाव. धाग्याला टीआरपी येईल.

माळव्यातला

इंदूरहून नमस्कार. आमच्याकडे सिरपूर तलाव आणि यशवंतसागर, दोन्ही २०२२ मध्ये रामसर यादीत (महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या जागतिक यादीत) गेले, तेव्हापासून दुर्बिणीवाल्यांची गर्दी वाढली आहे. तुमचं वढवाणा वर्षभर आधी, २०२१ मध्ये गेलं ना? त्याबद्दल अभिनंदन आणि थोडी असूया.

इथे भांडणं वेगळी. ईबर्डवर जिल्ह्याच्या पहिल्या शंभरांची यादी असते, किती जाती पाहिल्या त्यावर. त्या यादीत वर जायला माणसं काय करतील सांगता येत नाही. लांबून उडालेला शिकारी पक्षी, अंधूक फोटो, आणि नाव मात्र जिल्ह्यात कधीच न दिसलेलं. ईबर्ड अशा नोंदी आपोआप बाजूला काढतं आणि स्थानिक स्वयंसेवक त्या तपासतो. तो अत्यंत नम्रपणे विचारतो, ‘आणखी काही तपशील आहे का?’ आणि समोरून उत्तर येतं, ‘तुम्ही मला ओळखत नाही वाटतं.’

आमच्या तपासनीसाला मी विचारलं, तू हे का करतोस? म्हणाला, कुणी तरी माझ्या पहिल्या याद्या तपासल्या होत्या. एवढंच बोलला आणि चहा मागवला.

अनघा_मांजलपूर

मी मराठी शाळेत शिकवत होते, आता गच्चीतल्या कुंड्यांवरचे किडे बघते. गणित पानगळने सांगितलं, मी वागणुकीबद्दल सांगते.

मी एक फुलपाखरू ‘प्लेन टायगर’ म्हणून टाकलं होतं. दोन प्रतिसाद आले. एकाने फक्त ‘डॅनेड एगफ्लाय’ लिहून सोडलं. दुसरी, बहुधा केरळची मुलगी, तिने लिहिलं: ताई, मागच्या पंखावर मधोमध काळे ठिपके बघा. प्लेन टायगरला ते असतात, इथे नाहीत. ही एगफ्लायची मादी आहे, ती विषारी प्लेन टायगरचं रूप घेते म्हणजे पक्षी तिला खात नाहीत. दोघांचंही उत्तर एकच. पण त्या दिवसापासून मी गच्चीत आलेलं प्रत्येक नारिंगी फुलपाखरू मागच्या पंखापासून बघते, आणि आता आमच्या गटात एगफ्लाय आलं की लोक मला विचारतात.

यादीत त्या मुलीच्या आणि त्या गृहस्थांच्या खात्यावर एक-एकच ओळख पडली.

आप्पा_गोत्री

पानगळने नाव घेतलं नाही, मीच घेतो. पहिल्या नंबरावरचा तो मीच.

बेटा, तुझं गणित बरोबर असेल, मी बँकेत आयुष्य काढलंय, बेरीज मला कळते. पण एक बाजू तुला ठाऊक नाही. २०२४ च्या ऑगस्टात विश्वामित्रीला पूर आला, मगरी सोसायट्यांच्या आवारात आल्या. त्या आठवड्यात आपल्या ओळखीच्या कितीतरी लोकांनी पहिल्यांदा हे ॲप उघडलं. कुणी जिन्याखालची मगर टाकली, कुणी भिंतीवरचा साप. त्यातल्या कितीजणांना उत्तर मिळालं? नवा माणूस फोटो टाकतो, दोन दिवस वाट बघतो, कुणी आलं नाही की ॲप काढून टाकतो. तुमचे तज्ज्ञ पुढच्या मार्चमध्ये येतात आणि म्हणतात ‘हा फोटो पुरेसा नाही’.

मी रोज रात्री जेवण झाल्यावर तास-दीड तास बसतो. बडोद्याची एकही नवी नोंद उत्तराशिवाय झोपू देत नाही. मगर ही मगरच आहे, तिथे अ‍ॅग्री म्हणण्यात काय पाप? साळुंकीला साळुंकीच म्हणणार ना? यांतून माणसं टिकली आहेत. आज तुमच्या गटात जे तरुण दिसतात त्यांतल्या निम्म्यांना पहिलं उत्तर मी दिलेलं आहे. तिथे नंबर यावा असा हेतू नव्हता. आला तर मला वाईटही वाटलं नाही.

पानगळ

आप्पा, तुम्ही इथे असाल असं वाटलं नव्हतं. पण लिहिलेलं मागे घेत नाही, त्यात भर घालते.

मगर, साळुंकी, कावळा यांना दुजोरा द्या, हवा तितका द्या. तिथे कुणाचं नुकसान नाही, आणि नव्या माणसाला उत्तर मिळतं हे खरंच आहे. अडचण बगळ्यांत, वटवट्यांत, चंडोलांत आहे. तिथे तुम्ही आलात की तुमच्या मागून चार जण येतात. का? ‘आप्पांनी सांगितलंय म्हणजे असणारच.’ आपल्याकडे मोठ्यांनी सांगितल्यावर मान हलवणं हा शिष्टाचार आहे. जेवायला बसल्यावर तो ठीक. इथे मात्र त्या मानेची नोंद होते आणि ती थेट जीबीआयएफच्या कोपनहेगनला पोचते.

नव्या मुलांचं आणखी एक बघा. कुणी ओळखून दिलं की ते ‘अ‍ॅग्री’ दाबतात, कारण आभार मानायचे असतात आणि समोर तेवढंच बटण असतं. आभार खाली लिहावेत, बटण तसंच राहू द्यावं, हे त्यांना तुम्ही सांगितलंत तर ऐकतील. मी सांगितलं तर म्हणतात, ही शिष्ट आहे.

आप्पा_गोत्री

आहेसच. (हे प्रेमाने.)

सांगेन. पण वटवट्यांना नुसतं ‘वटवट्या’ एवढ्यावर सोडलं तर पोरं हिरमुसतात त्याचं काय?

पानगळ

नेमक्या जातीपर्यंत न जाता वंशावर थांबणं हीसुद्धा ओळखच आहे, तीही मोजली जाते. फक्त खाली एक ओळ लिहायची: पुढच्या वेळी आवाज रेकॉर्ड कर, किंवा पायाचा रंग येईल असा फोटो घे. मग पोरं हिरमुसत नाहीत. उलट पुढच्या रविवारी वटवट्याच्या पायांचे बारा फोटो टाकतात, तेही अनुभवलंय.

तिरपागडा

मूळ मुद्द्याकडे कुणीच येत नाही. तुम्ही थंडीत कुडकुडत फोटो काढणार, रात्री तास-तास बसणार, आणि सगळा माल अमेरिकेतल्या संस्थेच्या खात्यात. २००८ मध्ये बर्कलीच्या विद्यार्थ्यांनी पदवीसाठी केलेला प्रकल्प, आज जगभरचे आप्पा त्याला फुकट मजुरी देतात. बदल्यात काय? नंबर. आणि नारळ, तोही स्वखर्चाने!

माळव्यातला

तिरपागडेसाहेब, अर्धं बरोबर. ती संस्था २०२३ पासून स्वतंत्र ना-नफा संस्था आहे, आणि साठा उघडा आहे, तुम्हीही उतरवून घेऊ शकता. आपल्या याद्यांचं देशात काय झालं तेही सांगतो. २०२३ चा भारतातल्या पक्ष्यांच्या स्थितीचा अहवाल तीस हजारांहून जास्त पक्षीनिरीक्षकांच्या नोंदींवर उभा आहे. त्यात ९४२ जातींचा विचार झाला. कोणता पक्षी घटतोय ते त्यातून कळलं. त्या तीस हजारांतले बहुतेक पगारी शास्त्रज्ञ नव्हते, तुमच्या-माझ्यासारखे रविवारचे लोक होते. सकाळी पंधरा मिनिटांची यादी करून, दिसलेला प्रत्येक कावळा-कबुतर त्यात लिहून, मग कामाला गेलेले.

आणि कावळा-कबुतर लिहिणाऱ्याला पहिल्या शंभरांत जागा नसते, हेही खरं. दुर्मिळ पक्षी नसलेल्या त्या कंटाळवाण्या पूर्ण यादीला अभ्यासात सगळ्यात जास्त किंमत.

कोतरवासी

एक विषय कुणी काढला नाही. आमच्या भागात पत कशी मिळते? ‘लोकेशन’ देऊन.

मही नदीच्या कोतरांत, म्हणजे घळींत, शृंगी घुबडं आहेत. गटात नवीन आलेला माणूस तिसऱ्या दिवशी विचारतो, ‘सर, घुबड कुठे?’ आणि जो सांगतो तो त्याच क्षणी सर्वांचा सर होतो. पुढच्या रविवारी सहा गाड्या, कुणाचा फ्लॅश, कुणी मोबाइलवर घुबडाचाच आवाज वाजवतंय. एका वर्षी पिल्लं असलेला कपारीचा कोपरा त्यांनी रिकामा करवला. दिवाळीच्या सुमारास जादूटोण्यापायी घुबडांचं काय होतं ते इथे सगळ्यांना माहीत आहे. १९७२ च्या कायद्याने संरक्षण आहे, पण कायदा कोतरात पहाऱ्याला बसत नाही.

आयनॅचरलिस्टवर ठिकाण झाकायची सोय आहे. झाकलं की खरा बिंदू सुमारे बावीस किलोमीटरच्या चौकटीत कुठेतरी भिरकावला जातो. मी माझी घुबडं कायम झाकतो. त्यावरून मला ‘आखडू’ म्हणतात. म्हणोत. मदत म्हणजे मागेल ते देणं असं मी मानत नाही. विचारणाऱ्याला मी सोबत नेतो, लांबून दाखवतो, पहिल्यांदा एकट्याला पत्ता देत नाही. दोन हंगाम आला, नीट वागला, मग देतो.

रावपुरा_एक्सप्रेस

कोतरवासी, गाडी माझी, पेट्रोल माझं, डोळे बांधून न्या. पण न्या!

अनघा_मांजलपूर

कोतरवासींशी सहमत. आणि न मोजली जाणारी आणखी कामं आठवली. सयाजीबागेत फिरायला येणारे नवे लोक प्राणीसंग्रहालयातलेही फोटो टाकतात. मग नकाशावर बडोद्याच्या मधोमध वाघ! कुणीतरी त्यावर ‘पाळीव किंवा बंदिस्त’ अशी खूण करावी लागते. बागेतली लावलेली झाडंही त्यातच. आपल्या गटात ते काम पानगळ करते, शेकड्यांनी केलंय. ती खूण ‘ओळख’ म्हणून मोजली जात नाही. एकाच नोंदीत तीन वेगळ्या किड्यांचे फोटो टाकणाऱ्याला समजावून ते वेगळे करून घेणं, तेही नाही. तारीख चुकलेली दाखवणं, तेही नाही.

पानगळ

ताई, शेकडे नाही हो. बागेतला गुलमोहर तेवढा शेकड्यांनी येतो.

सुरसागरकाठ

इतके प्रतिसाद येतील असं वाटलं नव्हतं. ॲडमिनला धाग्याचा दुवा पाठवला. त्यांचं म्हणणं, सत्कार रद्द करणार नाही, शाली आणून झाल्या आहेत. आकडा मात्र सोडायला तयार आहेत. त्याऐवजी नव्या मुलांनी एकेक चिठ्ठी लिहायची: कुणाकडून काय शिकलो. नुसतं नाव चालणार नाही, काय शिकलो ते लिहायचं.

मला यातही खोट दिसते. गोड बोलणाऱ्याला चिठ्ठ्या जास्त पडतील, आणि घुबडाचा पत्ता न देणाऱ्याला एकही नाही. शिवाय आप्पांनी पहिलं उत्तर दिलेली मुलं आता गटात जुनी झाली, त्यांना चिठ्ठी नाही. हे ॲडमिनला बोललो. ते म्हणाले, मग तूच कर. तूर्तास चिठ्ठ्याच.

आप्पा_गोत्री

मला शाल नको, घरात तीन पडल्या आहेत. वढवाणाला जाताना गाडीत पुढची सीट द्या, गुडघे दुमडत नाहीत. १९१० साली गायकवाड सरकारांनी सिंचनासाठी तलाव बांधला तेव्हा बंधाऱ्यावर चढायला म्हाताऱ्यांची सोय ठेवायचं राहूनच गेलं.

सुरसागर, त्या बगळ्याचा दुवा टाक. रेघ मी स्वतः बघतो.

सुरसागरकाठ

व्हॉट्सॲपवर पाठवला.

आप्पा_गोत्री

मोठा बगळा आहे. माझा अ‍ॅग्री त्यात नाही, हे नोंदवून ठेवा. खाली रेघेबद्दल लिहिलंय आणि चौघांनाही टॅग केलंय. दोघांनी मत मागे घेतलंसुद्धा. पानगळ, आता किती लागतील?

पानगळ

चुकीच्या बाजूला दोन उरले, म्हणजे पाच. तुम्ही, सुरसागरकाका आणि मी मिळून तीन. अनघाताई, कोतरवासी, जरा बघून या. बघून, हं!

नवखा_हरणी

नमस्कार, मी नवीन आहे. धागा सगळा वाचला, म्हणून इथेच विचारतो, चालेल ना? काल हरणीच्या पुढे शेतात एक तपकिरी पक्षी दिसला, चालताना शेपटी हलवत होता. ॲप म्हणतं ‘पॅडीफील्ड पिपिट’. मी ते नाव देऊ का?

आप्पा_गोत्री

ये बेटा. मागच्या बोटाचं नख दिसेल असा फोटो आहे का? आणि उभा असताना छाती ताठ होती का?

नवखा_हरणी

नख दिसत नाही काका. पाठमोरा आहे.

पानगळ

मग वंशावर थांबव. हिवाळ्यात रिचर्ड्स पिपिटही येतो, दिसायला मोठा आणि नख लांब, पण पाठमोऱ्यावरून मी तरी पैज लावणार नाही.

आप्पा_गोत्री

मी लावली असती. पण थांबव. रविवारी सकाळी हरणीला येतो, जागा दाखव.